विमोचनाअगोदर हलवू नये

या, जवळ या मायबाप. हिंगणीत पार पडलेल्या एका परोपकारी कार्यक्रमाची कथा सांगायची आहे.

गरोदरपणात लघवीचा जंतुसंसर्ग टळावा म्हणून आरोग्य खात्यानं अंगणवाडीत सरकारी डोहाळजेवण योजलं. प्रातिनिधिक गरोदर माता म्हणून सात महिन्यांच्या दिपालीला फुलांचे दागिने घालून खुर्चीत बसवलं. मागच्याच महिन्यात तिला लघवीला जळजळ होऊन ताप भरला होता. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "पुन्हा लघवी अडवलीस, तर कळा वेळेआधी सुरू होतील."

विस्तार अधिकारी प्रभाकररावांनी हेच दीड तास समजावलं. 'पुढून मागे धुवावे' हे वाक्य त्यांनी छताकडे पाहून उच्चारलं. मग प्रात्यक्षिक. भरपूर पाणी प्यावे, म्हणून प्रत्येक मान्यवरानं दिपालीला स्वहस्ते एक पेला पाजायचा. मान्यवर सात होते. उपसरपंचांचा फोटो हलला, म्हणून पेले आठ झाले.

दिपाली सासूच्या कानाशी लागली. "आई, मले जाऊन येऊ द्या."

"ओटी भरून राह्यले ना लोकं! मधातून उठाव नाई, माय," सुलोचनाबाई म्हणाल्या. पण सुनेचा चेहरा पाहून स्वतःच मागं जाऊन संडास बघून आल्या. "साहेब, संडासात त कागदाचे गठ्ठेच गठ्ठे हायेत जी!"

"ती जनजागृती आहे," प्रभाकरराव गंभीरपणे म्हणाले. "'लघवी अडवू नका' या विषयाची चार हजार पत्रकं. विमोचनाअगोदर हलवता येत नाहीत."

"मंग विमोचन कवा?"

"प्रमुख पाहुणे कारंज्याहून निघालेत. तोवर भगिनींनी संयम राखावा."

ओटीतला नारळ पोटावर दाबत होता. दिपालीनं तो उचलून साहेबांच्या हाती दिला.

"माहं बाळ तुमच्या पाहुण्याले ओळखत नाई, साहेब. मी काऊन थांबू?"

ती संडासाकडे गेली आणि पहिला गठ्ठा उचलू लागली. सुलोचनाबाईंनी तो हिसकावला. "वजन नको उचलू, पोरी. आमी हावोत ना!" बायांनी हातोहात गठ्ठे बाहेर काढले. दिपाली मोकळी होऊन आली, तेव्हा दाराशी बावीस जणींची रांग लागली होती. सगळ्यांत पुढं होत्या सूत्रसंचालन करणाऱ्या आरोग्यसेविका.

अहवालात नोंद झाली : 'पत्रक वाटप शंभर टक्के. लाभार्थी मध्येच उठल्याने कार्यक्रमाचे गांभीर्य भंगले; खुलासा मागवावा.'

हसलात? हसा. पण परवाच्या कीर्तनात मागच्या रांगेतली अवघडलेली बाई उठली, तेव्हा रंगाचा भंग झाला म्हणून माना वळवून डोळे वटारणारे आपणच होतो ना? पांडुरंगाला काही त्याचा राग आला नव्हता. पुढच्या खेपेला तिला वाट द्या, आणि आमच्या दिपालीची तेवढी आठवण ठेवा.