गळक्या खिडकीची समिती

"खिडकी गळायची थांबली की दुसऱ्या दिवशी निघू," असं प्रतिमाबाई एकदा बोलून गेल्या होत्या, आणि आता तो शब्द त्यांच्याच गळ्याशी आला होता.

एकनाथरावांनी रिटायर झाल्यावर शेजारच्या एका म्हाताऱ्या गोऱ्या अमेरिकन माणसाकडून एक जुनाट कॅम्पर विकत घेतला. गाडीला मागे जोडून न्यायचं ते चाकांवरचं घर तेव्हापासून शॉमबर्गच्या त्यांच्या घरासमोरच्या ड्राइव्हवेत उभं होतं आणि प्रत्येक पावसात त्याची पलंगाजवळची खिडकी गळत होती. त्यातून अख्खा उन्हाळा नॅशनल पार्क हिंडायचे, हे एकनाथरावांचं स्वप्न. प्रतिमाबाई जन्मभर सर्जन. फोन वाजला की धावायचं, यातच उमेदीचे सगळे उन्हाळे गेले. आता एक तरी उन्हाळा त्यांना घरामागच्या खुर्चीत बसून, वाफ्यातली मेथी उगवताना बघत काढायचा होता. पण तसं तोंडावर सांगितलं तर नवरा हिरमुसणार, म्हणून नकार द्यायचं काम त्यांनी खिडकीवर सोपवलं होतं.

मे महिन्यात एकनाथरावांनी मनावर घेतलं. स्क्रू काढून खिडकी उतरवली आणि चौकटीच्या लाकडावर बोट दाबलं. शिऱ्यात जावं तसं ते आत गेलं.

"प्रतिमा, फ्रेम पार कुजलीय," त्यांनी हाक मारून सांगितलं.

"अरेरे," प्रतिमाबाई म्हणाल्या, आणि त्या दिवशी दुपारी त्यांना छान झोप लागली.

पण हे सुख फार टिकलं नाही. एकनाथरावांचा जन्म टेलिफोनच्या सर्किटांत गेला होता, लाकडात नव्हे. तरी माणूस चिकाटीचा. त्यांनी व्हिडिओ बघितले, कुजकं लाकूड काढलं, नवीन आणलं, मापात कापलंसुद्धा. हे असंच चाललं असतं तर शनिवार-रविवारात खिडकी बसली असती आणि प्रतिमाबाई मुकाट्याने यलोस्टोन पार्कच्या वाटेला लागल्या असत्या.

प्रतिमाबाईंनी विचार केला. मराठी मंडळाच्या त्या जुन्या सभासद होत्या. गणपतीचं मखर कुठल्या रंगाचं करायचं हे ठरवायला नेमलेल्या समितीचा निर्णय दसऱ्याला आला होता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं.

"अहो, तुम्ही एकटे कशाला मरताय? मंडळातल्या प्रतापरावांना विचारा ना. त्यांनी एवढे पूल बांधलेत," त्या म्हणाल्या.

प्रतापराव आले. त्यांनी कॅम्परला एक प्रदक्षिणा घातली आणि हे लाकूड किती भार पेलायला कापलंय, असं विचारलं. एकनाथरावांना सांगता येईना. तेव्हा ते लाकूड बाद झालं आणि अ‍ॅल्युमिनियमचे ब्रॅकेट लावायचे ठरले. मग प्रतिमाबाईंच्याच सांगण्यावरून डॉक्टर राजेश आले. ते दातांचे डॉक्टर. किडलेलं सगळं काढल्याशिवाय फिलिंग करायचं नसतं, हे तत्त्व त्यांनी मांडलं आणि दवाखान्यातली अवजारं आणून चौकटीखालची भिंत कोरायला घेतली. राजेश कसून काम करणारे. काही दिवसांत भोक इतकं मोठं झालं की समितीचे सभासद त्यातूनच आत-बाहेर करू लागले, दार वापरायचं बंद झालं. शेवटी देवांगभाई आले. ते आयुष्यभर गोंदाच्या धंद्यात. त्यांनी सांगितलं की फटी बुजवायचं कुठलंही सीलंट पारखून घेतल्याशिवाय लावायचं नाही, आणि फळ्यांवर निरनिराळ्या सीलंटचे गोळे घालून सांडग्यांसारखे उन्हात वाळत ठेवले.

प्रतिमाबाई कृतार्थ झाल्या. फक्त एक गोष्ट त्यांच्या हिशेबातून सुटली होती: समितीला नाश्ता लागतो.

पहिल्या दिवशी त्यांनी पोहे केले. मग साबुदाण्याची खिचडी, मग थालीपीठं, आणि ब्रॅकेटचा तिढा सुटेना तेव्हा भजी. रीत म्हणून त्या एकदा "आता जेवूनच जा" असं म्हणाल्या, तर समितीने तो कायमचा ठराव समजून मंजूर केला. जून निम्मा सरला तेव्हा प्रतिमाबाई हातात झारा घेऊन स्वयंपाकघराच्या खिडकीतून आपली रिकामी खुर्ची बघत उभ्या असायच्या. मेथी कुणी न खुडल्यामुळे फुलावर आली होती. हॉस्पिटलमध्ये निदान आठवड्याची सुट्टी तरी असायची.

"वहिनी, कालची चटणी उरलीय का?" एके दिवशी प्रतापरावांनी बाहेरून विचारलं, आणि प्रतिमाबाईंचा संयम सुटला. तरीही त्यांनी चटणी दिली.

दुसऱ्या दिवशी एकनाथरावांसकट समिती ब्रॅकेट आणायला म्हणून निघाली आणि तिथूनच देशी हॉटेलांच्या डेव्हन अ‍ॅव्हेन्यूला जेवायला जातोय, असा फोन आला. प्रतिमाबाईंनी कढईखालचा गॅस बंद केला आणि त्या बाहेर आल्या. पोट उघडायला कुणालाही येतं, नीट बंद करणं हे खरं काम, असं त्या ज्युनिअर डॉक्टरांना नेहमी सांगत. त्यांनी एकनाथरावांनी कापलेलं बाद लाकूड उचललं. ते अगदी बरोबर बसलं. भोकावर प्लायवूड ठोकलं, हाताला लागेल ते सीलंट सगळ्या कडांनी एकसारखं फिरवलं, खिडकी बसवली आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळत नेले. सीलंट सुकल्यावर बागेच्या पाइपने पाणी मारलं. आत एक थेंब आला नाही.

मग त्यांच्या लक्षात आलं की आता आपल्याला निघावं लागणार. पण यलोस्टोनमध्ये जेवायला एकच माणूस असणार होता. त्या विचाराने त्यांना खूप बरं वाटलं.

संध्याकाळी एकनाथराव एकटेच परतले आणि खिडकीसमोर उभे राहिले.

"पाणी मारून बघितलंय, गळत नाही. उद्या निघू," प्रतिमाबाई म्हणाल्या.

"छान बसवलीस," एकनाथराव म्हणाले आणि कॅम्परच्या पायरीवर बसले. त्यांचा चेहरा उतरला होता. "उद्या सकाळी प्रताप येणार होता. रिटायर झाल्यापासून असं रोज कुणी येत नव्हतं गं माझ्याकडे." मग म्हणाले, "पार्क काय, पुढच्या वर्षीही तिथेच असतील."

प्रतिमाबाईंना एकदम वाईट वाटलं. नवऱ्याला अडकवायला आपण माणसं गोळा केली आणि त्याला हवी होती ती माणसंच, हे इतक्या वर्षांच्या संसारात आपल्याला दिसू नये, याची त्यांना लाज वाटली. त्या कॅम्परच्या मागच्या बाजूला गेल्या. तिथली खिडकी खडखडीत कोरडी होती. पेशंटचं पोट तपासावं तशी त्यांनी तिची चौकट चार ठिकाणी दाबून पाहिली.

"अहो, इकडे या जरा. मला इथे ओल लागतेय. समितीला दाखवून घ्या. मात्र सगळ्यांना नाश्ता करून यायला सांगा, आणि जेवायला आपापल्या घरी."

एकनाथराव आले. त्यांनी लाकडावरून तळहात फिरवला, पुन्हा एकदा फिरवला. मग आपल्या कोरड्या हाताकडे पाहिलं आणि बायकोकडे पाहिलं.

"हो गं," ते गंभीरपणे म्हणाले. "बरीच ओल आहे. उन्हाळा जाईल यात."