सरडेसरांची फी

बाळांनो, चुळबुळ पुरे, आता ऐका. एका जंगलात, जिथे वाघसुद्धा सकाळी उठून पावलं मोजत फिरायचा, तिथे केरबा नावाचं अस्वल राहत होतं. स्वभावाने गरीब, अंगाने गुबगुबीत. सगुणा अस्वलीवर त्याचा जीव होता. सगुणाचाही त्याच्यावर होता. मग अडलं कुठे? धोंड्यापाशी.

त्या अस्वलांत एक रीत होती. करंजाखाली एक काळा धोंडा होता. नवऱ्या मुलाने शिमग्याला तो छातीपर्यंत उचलायचा, मगच हळद लागायची. एकदा हरला तर वर्षाने पुन्हा संधी. दुसऱ्यांदा हरला, की जन्मभर दुसऱ्यांच्या लग्नात वाढपी. असे वाढता वाढता म्हातारे झालेले तीन काका केरबाच्या घरातच होते.

मागच्या शिमग्याला केरबाने धोंड्याला मिठी मारली होती. धोंडा जागचा हलला नाही, केरबा मात्र उताणा पडला. सगुणाच्या वडिलांनी नुसता विडा तोंडात टाकला. ते केरबाला फार लागलं.

त्या दिवसांत जंगलात सरडेसरांचं नाव गाजत होतं. सर म्हणजे आपला साधा कुंपणावरचा सरडा. पण दिवसभर दगडावर जोर काढायचे, वर-खाली, वर-खाली, आणि छाती फुगवली की लालभडक. आता तुमच्या-माझ्यात म्हणून सांगतो, सरडे जन्मापासूनच असे जोर काढतात. ते बघून शेजारचा सरडा चार हात लांब राहतो, इतकाच त्याचा उपयोग. सरांनी उभ्या जन्मात मुंगळ्याहून जड काही उचललं नव्हतं. पण हे विचारणार कोण? सगळं जंगल त्या लाल छातीवर खूश.

केरबा गेला. सरांनी मान वाकडी करून त्याला न्याहाळलं आणि सांगितलं, की धोंडा उचलायचा असेल तर धोंड्याच्या आसपास फिरकायचंसुद्धा नाही. त्याऐवजी रोज एका पायाने भोपळ्यावर उभं राहायचं आणि दोन्ही हातांनी मोरपिसं फिरवायची.

"याने काय होतं, सर?"

"स्नायू गोंधळतात," सर म्हणाले. "गोंधळलेला स्नायूच वाढतो."

केरबाचे स्नायू गोंधळले की नाही देव जाणे, केरबा मात्र पुरता गोंधळला. मध बंद झाला. रोज भोपळ्यावरून आपटणं सुरू झालं. शेजारची साळूआक्का साळिंदर म्हणाली, की बाबा रे, भोपळ्यावर उभं राहून फार तर भोपळ्यावर उभं राहता येईल. केरबाने तिला अडाणी ठरवून टाकलं. सरांकडे सर्टिफिकेट होतं, चांगलं पळसाच्या पानावर.

आता राहिली फी. आठवड्याला एक वारूळ फोडून द्यायचं, आतली वाळवी सगळी सरांची. केरबाने बोटसुद्धा चाटायचं नाही, पथ्य होतं ना! पहिलं वारूळ गुडघ्याएवढं होतं. तेवढं फोडतानाही केरबाला धाप लागली. मग सरांचे मेहुणे राहायला आले आणि वारूळ कमरेएवढं लागू लागलं. मग मेहुण्यांची सासुरवाडी आली. जवळची वारुळं संपली. उरली ती टेकडीवरची, मुरमात रुतलेली, वर शिळा बसलेली. केरबा एकेक शिळा मिठीत धरून बाजूला करायचा, मुरूम उकरायचा, घामाघूम व्हायचा आणि तसाच धावत घरी यायचा. का? तर व्यायाम चुकू नये म्हणून. भोपळा वाट बघत असायचा ना.

शिमगा आला. सगळी अस्वलं करंजाखाली जमली. तिन्ही काका एक जास्तीची पळी बरोबर घेऊनच आले होते, नंतर धावपळ नको. केरबाला रडू फुटायच्या बेतात होतं. त्याने डोळे मिटले, मनात भोपळा आणला आणि धोंड्याला मिठी मारली.

धोंडा वर आला. गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत. तो तसाच घेऊन केरबाने करंजाला एक फेरीही मारली, कारण खाली कधी ठेवायचा हे सरांनी सांगितलंच नव्हतं. काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. सगुणाच्या वडिलांनी विडा थुंकला आणि "जावईबापू" अशी हाक मारली.

केरबाने धावत जाऊन सरांचे पाय धरले. ते बघून त्याच संध्याकाळी सगळी तरणी अस्वलं सरांकडे भोपळे घेऊन हजर. सर उदार झाले. पाहुण्यांची पोटं बिघडली होती, वाळवी कोणालाच नको होती. त्यांनी फी माफ करून टाकली.

पुढच्या शिमग्याला ती सगळी अस्वलं ओळीने उताणी पडली. त्याच्या पुढच्या शिमग्याला पुन्हा तशीच पडली. आता त्या जंगलात वाढपी चिक्कार आणि नवरा औषधालाही नाही. सरांचं म्हणणं पडलं, की भोपळे गावठी नव्हते.

केरबाला मात्र चैन पडेना. एक दिवस त्याने सगुणाला विचारलं, मग मला कसं जमलं गं?

"मी आईला मार्गशीर्षातच सांगितलं होतं, हळद दळायला घे म्हणून," सगुणा म्हणाली.

"तेव्हा तर मला भोपळ्यावर धड उभंही राहता येत नव्हतं."

"भोपळा बघायला मला काय वेळ होता? मी टेकडीवरच्या हललेल्या शिळा बघत होते."

केरबाने जोरजोरात मान डोलावली. मग उठून म्हणाला, की एकदा सरांना विचारून येतो. सगुणाने कपाळाला हात लावला, विळी मांडली आणि भोपळा चिरायला घेतला.

तात्पर्य: ताकद हवी असेल तर गुरू अवश्य करावा. तो सांगेल ते मन लावून ऐकावं, त्याने काही बिघडत नाही. फी मात्र त्याला कधीही माफ करू देऊ नये.