बावीसपैकी बावीस

चित्रपट पुरस्कारांचं अचूक भाकीत करायचं असेल, तर माणसाने चित्रपट पाहण्याचा मोह कटाक्षाने टाळला पाहिजे. चित्रपट पाहिला की मत तयार होतं, मत झालं की माणूस भावुक होतो, आणि भावुक माणूस उत्कृष्ट वेशभूषेच्या विभागात हमखास चुकतो. तळेगावचे अनंतराव बेहेरे यांनी हे सत्य अकरा वर्षांपूर्वी ओळखलं आणि तेव्हापासून एकही मराठी चित्रपट पाहिला नाही. त्यांच्याइतका मोठा चित्रपटप्रेमी पंचक्रोशीत दुसरा नाही, याबद्दल गावात दुमत नाही.

अनंतराव एका सरकारी कचेरीच्या जावक विभागातून निवृत्त झाले. चौतीस वर्षं त्यांनी पत्रांवर क्रमांक घातले, शिक्के मारले, पाकिटं बंद केली. आत काय लिहिलंय ते कधी वाचलं नाही. (एकदा वाचलं. ते त्यांच्याच बदलीचं पत्र होतं. तेही त्यांनी वेळेत रवाना केलं.) ही शिस्त अंगात मुरलेली असल्यामुळे निवृत्तीनंतर चित्रपटसमीक्षेकडे वळणं त्यांना जड गेलं नाही.

दर वर्षी 'सुवर्णतुरा चित्रसन्मान' या सोहळ्याच्या महिनाभर आधी त्यांचं भाकीतपत्रक निघतं. एक प्रत वाचनालयाच्या फलकावर, एक व्हॉट्सॲपवर, आणि एक जावक क्रमांक घालून आयोजकांकडे 'माहितीस्तव सविनय सादर'. आयोजकांकडून पोच कधी आली नाही, परंतु पत्र परतही आलं नाही, याचा अर्थ अनंतरावांना नोकरीमुळे चांगला ठाऊक होता.

त्यांची गुणांकनाची पद्धत पूर्णपणे शास्त्रीय आहे. भूमिकेसाठी वजन घटवलं असल्यास पंधरा गुण. वाढवलं असल्यास वीस, कारण वाढवलेलं वजन मागच्या रांगेतूनही दिसतं. नामवंत नटीने एखाद्या दृश्यात मेकअप न करता काम केलं असल्यास पंचवीस. अनोळखी नटीने अख्खा सिनेमा तसा केला असल्यास शून्य, कारण ती मुळात तशीच दिसते. चित्रपट ऐतिहासिक असल्यास सरसकट दहा. त्यात खरा घोडा असल्यास आणखी सात. सोहळ्याला येण्याचं पक्कं केलं असल्यास तीस, आणि सोहळ्यात नाचणार असल्यास वर चाळीस. (नाचूनही रिकाम्या हाताने परत गेल्याची एकच नोंद आहे, आणि त्या नटाला दुसऱ्या दिवशी सन्मानचिन्ह घरपोच मिळालं.) कलावंत वर्षभरात दिवंगत झाला असल्यास तो गुणांकनातून वगळला जाऊन थेट जीवनगौरवात जातो. अभिनयासाठी पूर्वी दोन गुण होते. परंतु त्यांमुळे निकालात कधी काही फरक पडत नाही असं आढळून आल्यामुळे चौथ्या वर्षी ते काढून घोड्याकडे वर्ग करण्यात आले.

या पद्धतीचं यश चौऱ्याण्णव टक्के आहे. उरलेल्या सहा टक्क्यांना आयोजक जबाबदार आहेत. उदाहरणार्थ, एका वर्षी उत्कृष्ट खलनायकाची गाडी घाटात दरड कोसळल्याने अडकली आणि त्याचा पुरस्कार, तो द्यायला आलेल्या पाहुण्यालाच देऊन टाकावा लागला. पाहुणे स्थानिक पुढारी होते, त्यामुळे कोणाला काही खटकलं नाही.

पत्रकाचा तळेगावकरांना फार फायदा झाला. पत्रक वाचलं की सिनेमे पाहायची गरज राहत नाही, आणि सगळं आधीच कळल्यामुळे सोहळा पाहायचीही राहत नाही. 'आपल्यामुळे यंदा एकाही सिनेमाला जावं लागलं नाही, आभारी आहे,' असा एका निवृत्त मुख्याध्यापकांचा अभिप्राय अनंतरावांनी जपून ठेवला आहे.

बाराव्या वर्षी मात्र आयोजकांचं पत्र आलं. सोहळा यंदा लोणावळ्याच्या एका रिसॉर्टमध्ये होणार होता. आपल्या पत्रकातील बावीसच्या बावीस भाकितं खरी ठरल्यास आपला व्यासपीठावर सत्कार करण्याचं योजिलं आहे, कळावे. अनंतरावांनी ते पत्र चार वेळा वाचलं. चौतीस वर्षांत त्यांच्या हातून हजारो अभिनंदनपत्रं बाहेर गेली होती, आणि एकावरही त्यांचं नाव नव्हतं. त्यांना तो सत्कार हवा होता. फार हवा होता. साठी उलटलेल्या माणसाने इतकं हावरं होऊ नये, असं त्यांना स्वतःलाही वाटलं, आणि तरीही त्यांनी नवीन जाकीट शिवायला टाकलं.

अशा ऐन मोक्याला नंदाबाईंनी घोळ केला.

नंदाबाई जवळच्याच नवलाख उंबरे गावच्या. पूर्वी एका कंपनीच्या कँटीनमध्ये होत्या, आता सकाळी अनंतरावांकडे पोळ्या करायला येतात. गेल्या वर्षी त्यांच्या गावात एका बंद शेडमध्ये सिनेमाचं शूटिंग झालं होतं आणि गावातल्या बायाच त्यात कँटीनच्या बाया म्हणून उभ्या होत्या. तो सिनेमा सोमाटणे फाट्याजवळच्या थिएटरात लागला होता.

"काका, आज दुपारी मोकळं हाय का तुमी?" नंदाबाईंनी विचारलं.

"का हो?"

"आमचं पिच्चर लागलंय. पर चार मान्सं न्हाई झाली तर खेळ लावतच न्हाईत म्हणं. काल आमी तिघं गेलतो, मी, आमचं मालक आन सूनबाई. बसवून ठिवलं आन परत धाडलं. आज शेवटचा दिस हाय."

"नंदाबाई, मी सिनेमे पाहत नाही."

"मग नका बगू की. नुस्तं बसा. डोळं मिटून बसा."

यात तत्त्वाला बाधा येत नव्हती. अनंतराव गेले, चौथ्या खुर्चीवर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. सातव्या मिनिटाला, हे कसलं शांत चाललंय म्हणून त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसराही उघडला.

सिनेमा एका बाईचा होता. तिची जमीन ज्या कंपनीखाली गेली, त्याच कंपनीच्या कँटीनमध्ये ती चारशे माणसांचा स्वयंपाक करते. एके दिवशी साहेब येऊन सांगतो, उद्यापासून जेवण बाहेरून येणार. ती "बरं" म्हणते. मग समोर राहिलेले कांदे चिरायला घेते. सगळे चिरते. संगीत नाही, कोणी धावत येत नाही, घोडा तर नाहीच. शेवटचा कांदा झाल्यावर ती सुरी धुते, पुसते, जागेवर ठेवते, आणि इतकी वर्षं जिथे उभी राहिली त्या फरशीकडे एकदा बघते.

अनंतरावांना रडू आलं. चांगलं हुंदके देऊन आलं. (आई गेली त्या दिवशी कचेरीत वर्षअखेर होती, त्यामुळे तेव्हाचं राहून गेलं होतं. तेही यात आलं असावं.)

बाहेर आल्यावर नंदाबाई म्हणाल्या, "काका, ती ट्रे घिऊन गेली ना मागनं, ती मीच."

"ओळखलं मी."

"नुस्ती पाठच दिसली."

"पाठीवरून ओळखलं."

नंदाबाई लाजल्या. मग म्हणाल्या, "तुमच्या त्या कागदात कांदं चिरनारीचं नाव टाका बरं का. तिला बक्षीस भेटलं तर पिच्चर परत लागंल. समद्या बाया हायेत वो त्यात आमच्या, पर गावात कुणीच बगितलं न्हाई अजून."

अनंतराव हो म्हणाले. डोळे अजून ओले होते, आणि अशा अवस्थेत माणूस कशालाही हो म्हणतो.

घरी येऊन त्यांनी उत्कृष्ट अभिनेत्रीचा तक्ता पुढे ओढला. 'किल्लेदारीण' या चित्रपटासाठी ईशानी राजेभोसले: वजन अकरा किलो घटवलं, पंधरा, बुरुजावर एका दृश्यात मेकअप नाही, पंचवीस, ऐतिहासिक, दहा, घोडा, सात, येणार, तीस, नाचणार, चाळीस. एकूण एकशे सत्तावीस. मग त्यांनी त्या कांदे चिरणाऱ्या बाईचे गुण काढले. वजन होतं तेवढंच. मेकअप नाही, पण अनोळखी. आमंत्रण आहे की नाही तेच कळेना. एकूण शून्य. अनंतरावांनी बेरीज तीनदा तपासली. शून्यच येत होतं.

"तुम्ही रडलात म्हणे," चंद्रिकाबाई, म्हणजे त्यांच्या पत्नी, चहा ठेवत म्हणाल्या.

"नंदाबाईंनी सांगितलं?"

"अख्ख्या आळीला सांगितलंय. मग लिहा ना तिचं नाव."

"आवडण्याचा रकाना नाही गं त्यात."

"तक्ता तुम्हीच आखलाय ना? आखा की एक."

"आणि एकवीसच आले तर?"

चंद्रिकाबाईंनी नवऱ्याकडे नीट पाहिलं आणि त्या आत गेल्या. अनंतरावांनी तिचं नाव पेन्सिलीने लिहिलं. ते दोन दिवस तिथे राहिलं. तिसऱ्या दिवशी जाकीट शिवून आलं. ते अंगावर इतकं व्यवस्थित बसलं की त्यांनी खोडरबर शोधला. नंतर शाईने ईशानी राजेभोसले असं लिहून, जावक क्रमांक घालून, पत्रक रवाना केलं.

लोणावळ्याचा सोहळा दृष्ट लागण्यासारखा झाला. ईशानीताई नाचल्या, बक्षीस घेताना रडल्या आणि आपलं यश त्यांनी घोड्याला अर्पण केलं. बावीसच्या बावीस भाकितं खरी ठरली. अनंतरावांना शाल, श्रीफळ, सन्मानचिन्ह आणि चिक्कीचा खोका मिळाला. निवेदकाने त्यांचा उल्लेख 'मराठी सिनेमाचा सर्वात डोळस प्रेक्षक' असा केला. टाळ्या वाजल्या. अनंतरावांना खरोखर आनंद झाला, हे इथे नमूद करणं भाग आहे.

जेवणाच्या रांगेत परीक्षक मंडळाच्या अध्यक्षा अनघाताई स्वतःहून त्यांच्यापाशी आल्या.

"बेहेरे, तुम्ही आहात म्हणून आमचं निभावतं हो. एकाहत्तर सिनेमे, तीन दिवस, आणि आम्ही परीक्षक तिघं. इथल्याच एका बंगल्यात कोंडून घालतात आम्हाला. पहिल्या दिवशी प्रत्येकी दहा मिनिटं पाहतो, दुसऱ्या दिवशी नुसते ट्रेलर. तिसऱ्या दिवशी तुमचं पत्रक काढतो. गेली नऊ वर्षं आमचं हेच चाललंय."

अनंतरावांनी हातातली वाटी टेबलावर ठेवली.

"यंदा गंमतच झाली," अनघाताई भात वाढून घेत म्हणाल्या. "एका सिनेमाच्या वेळी रिमोटच सापडेना, त्यामुळे तो अख्खा पाहावा लागला. कांदे चिरणारी बाई आहे बघा एक. तिघंही रडलो हो आम्ही. तिलाच द्यायचं असं ठरवूनसुद्धा टाकलं. मग तुमचं पत्रक उघडलं, तर तिचं नावच नाही. म्हटलं, एवढा जाणकार माणूस, सगळं पाहिलेला, त्याला वाटलं नाही, म्हणजे आपलंच काहीतरी चुकतंय. तुम्ही पाहिलाच असेल ना तो? कसा वाटला तुम्हाला?"

एवढ्या वेळात अनंतरावांना खरं बोलायला भरपूर सवड होती. अंगावर शाल होती, बगलेत सन्मानचिन्ह होतं.

"बरा होता," ते म्हणाले.

"तेच म्हणते मी," अनघाताई म्हणाल्या आणि निर्धास्तपणे गोडाच्या टेबलाकडे गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी नंदाबाईंनी आल्या आल्या विचारलं, "काका, भेटलं का वो तिला?"

"नाही."

"आरं द्येवा. तुमी टाकलं हुतं न्हवं नाव?"

"टाकलं होतं," अनंतराव म्हणाले. पेन्सिलीचे दोन दिवस धरले तर हे खोटं नव्हतं.

नंदाबाई खाली मान घालून कणीक मळत राहिल्या. मग त्यांनीच समजूत घातली. "जाऊ द्या. तुमी काय मुद्दाम केलं का? इतक्या वर्सांत एकांदं चुकायचंच की मानसाचं. तुमी नका लावून घिऊ जिवाला." आणि त्यांनी अनंतरावांसाठी न सांगता एक गरम पोळी तूप लावून पुढे ठेवली. अनंतरावांनी ती खाल्ली. सगळी खाल्ली.

सिनेमा परत लागला नाही. 'किल्लेदारीण'चा दुसरा भाग येतो आहे.

एक किरकोळ बाब राहिली. 'किल्लेदारीण' हे नाव, ईशानी राजेभोसले हे नाव, त्यांनी वजन किती किलो घटवलं, हे सगळं आता तुमच्या पक्कं लक्षात आहे. ज्या सिनेमामुळे एक जावक कारकून आणि तीन परीक्षक रडले त्या सिनेमाचं नाव, आणि त्यातल्या त्या नटीचं नाव, या मजकुरात एकदाही आलेलं नाही. कोणी विचारलं असतं तर आम्ही आनंदाने सांगितलं असतं. पण तुम्ही इथवर वाचत आलात आणि तुम्हाला ते विचारावंसं वाटलं नाही. वाटणार नाही, असा आमचा अंदाज होताच.