मुकादमाची वर्तन-नोंद

घरात प्राणी पाळणाऱ्या प्रत्येक नागरिकाने त्या प्राण्याचे वर्तन मान्य शब्दांत नोंदवावे, असा नियम आमच्या कार्यालयाने काढला, तेव्हा तपासनीस या नात्याने मी त्याचं मनापासून स्वागत केलं. आपण काय करतो हे प्राण्याला माहीत नसलं तरी चालतं. कार्यालयाला माहीत नसेल तर सगळा कारभारच ठप्प होतो. एकोणीस वर्षांच्या नोकरीत मी एवढं तरी शिकलो आहे.

पहिला अर्ज आला तो शिवणकाम करणाऱ्या एका मावशींचा. मावशी एकट्या राहायच्या. त्यांच्याकडे एक बोका होता. तो स्वतः काडीचं काम न करता दिवसभर त्यांच्या कामावर नजर ठेवायचा, म्हणून त्यांनी त्याचं नाव मुकादम ठेवलं होतं. वर्तनाच्या रकान्यात त्यांनी पाच शब्द लिहिले होते: कात्रीआडवा, भिंतपाहणी, ताटटेहळणी, ढकलबघ आणि उशीकब्जा. यातला एकही शब्द आमच्या मान्य यादीत नव्हता. खरं सांगायचं तर यादीच अजून व्हायची होती.

मग अधीक्षकांनी तिघांची शब्दनिश्चिती समिती नेमली. एकांनी लहानपणी शेळी जवळून पाहिली होती, दुसऱ्यांना मांजराच्या केसांनी शिंका यायच्या आणि तिसऱ्यांना घरी करमत नव्हतं. समितीने मावशींना बोलावून एकेका शब्दाचा अर्थ विचारला. कापड अंथरून कात्री उचलली की मुकादम नेमका त्या कापडावर येऊन पसरतो, तो कात्रीआडवा. टेबलाच्या कडेची वस्तू आपल्या डोळ्यांत बघत बघत हळूच खाली ढकलतो, ते ढकलबघ. बाकीचे तीन शब्द ऐकताच कळत होते, त्यामुळे समितीला ते विशेष संशयास्पद वाटले.

सात महिन्यांनी मान्य शब्द बाहेर पडले. कात्रीआडव्याचं ‘कर्तनपूर्व वस्त्रावरोध’ झालं, भिंतपाहणीचं ‘निष्प्रयोजन भित्तिनिरीक्षण’, ताटटेहळणीचं ‘परपात्रावलोकन’, ढकलबघचं ‘सहेतुक वस्तुपातन’ आणि उशीकब्जाचं ‘उपधानाधिग्रहण’. यापुढे बोक्याला रागावतानाही हेच शब्द वापरावेत, असं मावशींना कळवण्यात आलं. त्यावर त्या म्हणाल्या की एवढं बोलून होईपर्यंत बोक्याची झोपसुद्धा होऊन जाईल. इतिवृत्तात हे ‘अर्जदाराने समाधान व्यक्त केले’ असं नोंदवलं गेलं.

शब्द ठरले म्हणजे पडताळणी आलीच. पाचपैकी किमान तीन वर्तनं तपासनीसाच्या समक्ष, कार्यालयीन वेळेत आढळली पाहिजेत. नाही आढळली तर माहिती खोटी आणि प्राण्याची आठ दिवसांत कोंडवाड्यात रवानगी.

मी सकाळी अकराला मावशींच्या घरी पोहोचलो. मुकादम कपाटावर झोपला होता. खोलीत शिलाई मशीन, शाळेच्या गणवेशांचे गठ्ठे आणि जमिनीवर अंथरलेलं निळं कापड होतं. दुसरीकडे जागाच नव्हती, म्हणून मी त्या कापडावर बैठक मारली. मावशी कात्री हातात घेऊन थोडा वेळ उभ्या राहिल्या, मग मशीनवर काजं करायला बसल्या. मला काम नव्हतं, म्हणून समोरच्या भिंतीकडे बघत राहिलो. मावशींकडे बघत बघत फॉर्म भरायला सरसावलो तेव्हा कोपराने बटणांचा डबा खाली ढकलला गेला. दुपारी मावशी जेवायला बसल्या. मी घरून जेवून आलो होतो, पण तळलेल्या माशाचा वास चांगला होता आणि ताटावरून नजर काही हटेना. शेवटी त्यांनी एक तुकडी माझ्यापुढे ठेवली. नंतर जरा पाठ टेकली, उशी जवळच होती.

जाग आली तेव्हा पाचला दहा मिनिटं होती. मुकादमाने कूससुद्धा बदलली नव्हती. मी फॉर्मवर पाचही ठिकाणी ‘नाही’ लिहायला पेन काढलं.

“त्याला नेऊ नका हो,” मावशी म्हणाल्या. “दिवसभर मशीनपुढे असते मी. त्याला शिव्या घातल्या नाहीत तर माझ्या तोंडून शब्द म्हणून निघायचा नाही.”

मला वाईट वाटलं. ते लिहायला फॉर्मवर जागा नव्हती.

मग मावशींनी चष्मा लावला आणि फॉर्म ओढून घेतला. “सदर पत्त्यावर खालील वर्तन आढळले काय,” त्यांनी वाचलं. “मग? पाचही आढळली की.”

“कोणाकडून?”

“तसं विचारलंय का यात?”

मी फॉर्म दोन्ही बाजूंनी तपासला. तसं कुठेही विचारलं नव्हतं, आणि न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मी आजवर कधी दिलेलं नाही. पाचही ठिकाणी ‘होय’ लिहून सही केली. अधीक्षकांनी ‘आदर्श प्रकरण’ असा शेरा मारला. मुकादमाच्या गळ्यात बिल्ला आला आणि मावशींच्या तोंडी पुन्हा शिव्या आल्या.

घरी येऊन ही गंमत मी बायकोला सांगितली. ती हसली नाही. तिने विचारलं, “कोरा फॉर्म आहे एखादा?”

तिने बसल्या बैठकीला वर्तनाचा रकाना भरला आणि मागची बाजूही भरली. फ्रिजध्यान: काहीही न घेता उघड्या फ्रिजसमोर उभं राहणं. आलोआलो: जेवायला हाक मारली की तसं म्हणून जागचं न हलणं. पसरओलं: ओला टॉवेल पलंगावर टाकणं. असे एकतीस शब्द होते. लिहिताना ती एकदाही अडली नाही. शब्द वर्षानुवर्षं तयार असावेत. एकही शब्द मला समितीकडून समजून घ्यावा लागला नाही.

फक्त शेवटचा रकाना तिने कोरा ठेवला आहे: ‘सदर प्राणी पुढे ठेवण्याची इच्छा आहे काय?’ मी दोनदा विचारलं. “बघू,” म्हणाली. तेव्हापासून टॉवेल मी दोरीवर टाकतो.

तुम्हाला हसू येत असेल. तुम्ही हे निवांत बसून वाचताय, आणि घरातलं कोणीतरी काम करता करता मधूनच तुमच्याकडे बघतंय. तुमच्यासाठी त्यांनी एक शब्द कधीचाच ठरवून ठेवला आहे. हिंमत असेल तर विचारून बघा.