बाळंतपणावरून बोलिंगची लढाई जाहाली त्याची बखर

कुळस्वामिनीचे पायी माथा ठेवोन, शके १९४६ क्रोधीनाम संवत्सर, माघमासीचे वर्तमान लिहिते ऐसे जे, आमचे जावई हृषीकेशराव यांसी सारे येते, एक बोलणे मात्र येत नाही. कन्या शरयू, जावयांसह वेगळे बिऱ्हाडी नांदते, ती प्रथमच गरोदर, आणि पहिले बाळंतपण माहेरी ही रीत, सबब आम्ही डिंक-आळीव भरोन सिद्ध, आणि विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडे दवाखाना दाराशी आहे, सासरीच होऊ द्या." मग दोन्ही राज्यांत तेढ पडली, आणि जावई मध्ये उभे राहोन छताकडे पाहात राहिले. मग त्यांनीच मसलत काढिली की, बोलिंग खेळावे, जिंकेल त्या राज्याचे चालेल, आणि आपण आमचे, म्हणजे सासूचे, फौजेत उभे राहिले. का, ते आम्हांस उमगेना. परंतु माघार आमचे घराण्यात नाही.

मग शरयूसही घेऊन थंड हवेचे महालात गेलो, आणि तेथे चपला काढवून परक्यांचे बूट चढविले, आणि तीन भोकांचा गोळा हाती दिला, तो वरवंट्याहून जड, आणि जमीन तेल लावोन ठेविलेली, आणि पलीकडे दहा लाकडी बाहुल्या उभ्या. जावई म्हणाले, "आई, बाहुल्यांकडे नको, अलीकडे जमिनीवर बाण आहेत, तिकडे बघा. मनगट सरळ." शत्रू पलीकडे आणि पाहावे अलीकडे, हे कोणते शास्त्र? आम्ही शत्रूकडेच पाहिले, आणि गोळा बाजूचे पन्हाळीत गेला, आणि विहीणबाई तोंडास पदर लावोन हसल्या. मग बाणाकडे पाहिले, आणि आठ बाहुल्या निजल्या! कशा निजल्या, देवास ठाऊक. विहीणबाई एकट्याच दोघांचे गोळे टाकीत, आणि त्याही पटाईत, ऐसे हातघाईस येता येता जावयांचा एकच गोळा उरला. एक बाहुली पडली तरी राज्य आमचे, न पडली तर बरोबरी.

हृषीकेशरावांचा गोळा तोवर एकदाही चुकला नव्हता. ते पुढे जाहाले, आणि पाठीशी आई, पाठीशी सासू, आणि त्यांनी नीट नेम धरोन गोळा पन्हाळीत घातला. "बरोबरी," ते म्हणाले, "आता शरयूला विचारा." दोन्ही राज्ये थक्क! तिजला पुसावे हे कोणाचे ध्यानीच नव्हते. शरयू म्हणाली, "मला आमच्याच घरी राहायचंय, याच्याजवळ. तुम्ही दोघी या." 

सारांश, जिंकले कोण आणि हरले कोण हे आम्हांस अजोन कळले नाही. दोन्ही राज्यांनी एके बिऱ्हाडी नांदावे इतके ठरले. मग आम्ही चारचौघांत जावयांस बोललो, "जावईबापू, नेम तुमचा चोख, जीभ अगदीच लुळी. बाळानं नेम बापाचा घ्यावा आणि जीभ माझी!"