क्लेम टूहींची जागा

दारावरच्या यंत्राला कार्ड दाखवलं की एरवी हिरवा दिवा लागतो. बर्नडेट टूहीनं दाखवलं तेव्हा जांभळा लागला आणि वर तुतारीसारखी एक छोटी धूनही वाजली. रांगेतल्या माणसांनी माना वर केल्या.

कार्ड तिच्या वडिलांचं होतं आणि वडील फेब्रुवारीत गेले होते.

पाणकावळे फुटबॉल क्लबचा नियम साधा होता. सभासद वारला की त्याची राखीव खुर्ची प्रतीक्षायादीतल्या पुढच्या माणसाला. ती यादी इतकी लांब की मेलबर्नच्या त्या भागात मूल जन्मलं की आधी त्याचं नाव तिथे घालत, बाकीचं नंतर बघत. त्यामुळे बर्नडेटनं क्लबला कळवलंच नव्हतं. बँकेला कळवलं, दंतवैद्याला कळवलं, वाचनालयाला तर दोनदा. क्लबला नाही. पण खुर्ची लागोपाठ रिकामी दिसली तरी क्लब चौकशी करतो असं तिच्या कानावर आलं होतं, आणि मोसमातले घरचे सुरुवातीचे सामने तसेच गेले होते. आज कोणीतरी जाऊन तिथे बसणं भाग होतं. बर्नडेटला खेळातलं फार कळत होतं अशातला भाग नाही. पण त्या खुर्चीत कोणी अनोळखी माणूस कोट सावरून बसतो आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आलं की तिला जेवण जात नसे.

"जांभळा म्हणजे फार जुने सभासद," भगव्या जाकिटातला दारवान म्हणाला. त्यानं कार्ड वाचलं, मग तिच्याकडे बघितलं. "तुम्ही क्लेम?"

"बाबा," बर्नडेट म्हणाली. "ते गाडी लावतायत."

"आणि कार्ड तुमच्याकडे?"

"अदलाबदल झाली. माझ्या कार्डावर ते येतील."

"वय काय त्यांचं?"

"चौऱ्याऐंशी."

"चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला गाडी लावायला लावलीत," दारवान म्हणाला. "आणि स्वतः पुढे आलात. जा, जा आत."

ती आत गेली. आयुष्यात तिनं बसचं तिकीटही कधी चुकवलं नव्हतं, आणि आता एका दमात दोन थापा मारून ती मेलेल्या बापाला मैदानाबाहेर घिरट्या घालायला सोडून आली होती.

खुर्च्यांच्या रांगेत एल्वा आधीच बसलेली होती. ऐंशीच्या घरातली, गळ्यात क्लबचा काळा-पांढरा मफलर, एका कानात रेडिओ. समोर चाललेला खेळ रेडिओवरही ऐकल्याशिवाय तिचा त्यावर विश्वास बसत नसे. रेडिओमुळे तिला स्वतःचा आवाज ऐकू येत नसे, म्हणून ती सगळं ओरडूनच बोलायची. क्लेमच्या शेजारी ती कित्येक वर्षं बसत आली होती, आणि फेब्रुवारीत चर्चमध्ये त्यांच्या अंत्यविधीलाही ती पहिल्या बाकावर होती.

"आलीस का," एल्वा म्हणाली. "बरं केलंस. मागच्या दोन सामन्यांना या खुर्चीकडे बघवत नव्हतं गं."

"एल्वा, जरा हळू."

"हळूच बोलतेय."

पुढच्या रांगेतल्या एका माणसानं वळून बघितलं. बर्नडेट वडिलांच्या खुर्चीत अंग चोरून बसली. भोंगा झाला, चेंडू उडाला, समोरच्या संघानं, वीटवाल्यांनी, पहिला गोल केला, आणि पाणकावळ्यांच्या बाजूनं पंचाला त्याच्या दृष्टीविषयी आणि बालपणाविषयी सूचना जाऊ लागल्या. त्या गोंगाटात बर्नडेटला जरा सुरक्षित वाटलं. एवढ्या हजारो माणसांत कोण आपल्याला विचारायला येतंय, असं ती मनाशी म्हणाली.

तेवढ्यात पायऱ्यांवरून क्लबच्या कोटातली एक तरुण बाई खाली आली. हातात पुष्पगुच्छ होता.

"मी टेगन, क्लबकडून," ती म्हणाली. "क्लेम टूही इथेच बसतात ना? साठ वर्षं सभासद असलेल्यांतले जे आज पहिले आत येतील त्यांचा मध्यंतरात मैदानात सत्कार करायचाय. यंत्रानं सांगितलं, क्लेम आत आलेत."

बर्नडेटनं कार्ड मुठीत लपवलं. "बाबा गाडी लावतायत."

"पण ते आत आलेत."

"मीट-पायच्या रांगेत उभा आहे तो," एल्वा बाजूनं गरजली. खिमा भरलेल्या त्या गरम पेस्ट्रीशिवाय इथे कोणाचा सामना पुरा होत नसे.

टेगननं एकीकडून दुसरीकडे बघितलं. "म्हणजे गाडी लावून झाली."

"झाली," बर्नडेट म्हणाली.

"मग मी थांबते," टेगन म्हणाली आणि तिथेच पायरीवर टेकली.

पहिला क्वार्टर संपला. टेगन हलली नाही. दुसरा सुरू झाला. बर्नडेट मैदानाकडे बघत होती, पण तिला दिसत होतं ते एवढंच, की टेगन दर थोड्या वेळानं वर मीट-पायच्या खिडकीकडे मान उंचावून बघते आहे आणि दर वेळी तिचा चेहरा आधीपेक्षा काळजीत पडतो आहे.

"एवढा वेळ रांगेत?" टेगन म्हणाली. "या वयात? त्यांना चक्करबिक्कर आली नसेल ना? मी बघून येते. दिसतात कसे?"

"उंच," एल्वा म्हणाली.

"बुटके," बर्नडेट त्याच क्षणी म्हणाली.

"उंच होता," एल्वा म्हणाली. "आता वाकलाय."

टेगननं कोटाला अडकवलेलं वायरलेस तोंडाशी धरलं आणि ती बोलत बोलत पायऱ्या चढून गेली. "ज्येष्ठ सभासद, चौऱ्याऐंशी, एकटे, सापडत नाहीत," एवढं बर्नडेटला ऐकू आलं. मग प्रथमोपचारवाली दोन माणसं घडीचं स्ट्रेचर घेऊन पुरुषांच्या स्वच्छतागृहाकडे पळताना दिसली. तिथून बाहेर येणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याला ती थांबवून नाव विचारत होती. एका म्हाताऱ्याला तर त्यांनी तो नको नको म्हणत असताना आडवंही केलं.

"आता पोलीस येतील," बर्नडेट म्हणाली.

"येऊ देत. आपण कुठे काय केलंय?" एल्वा म्हणाली, पण तिनं कानातला रेडिओ काढला. ते पाहून बर्नडेट खरी घाबरली.

दोन गोलांच्या मधल्या शांततेत ध्वनिक्षेपक खरखरला आणि समोरच्या भल्यामोठ्या पडद्यावर अक्षरं उमटली.

"श्री. क्लेम टूही. श्री. क्लेम टूही, आपण जिथे असाल तिथून कृपया आपल्या जागेवर परत या. आपली मुलगी आपली वाट पाहते आहे."

सगळ्या मैदानावरून ते नाव फिरून आलं. कोणीतरी लांबून ओरडलं, "ये रे बाबा क्लेम," आणि लोक हसले. मग आणखी कोणी ओरडलं, आणि मग एक अख्खा कोपरा टाळ्यांच्या ठेक्यावर क्लेमला बोलवू लागला.

बर्नडेट हसली नाही. ती पडद्यावरून अक्षरं पुसली जाईपर्यंत बघत राहिली. मग कार्ड मुठीत धरून उठली.

"कुठे निघालीस?"

"टेगनला सांगते. नाही होत मला हे. घेऊ देत जागा."

एल्वानं तिची बाही अशी पकडली की शिवणीतून आवाज आला. "खाली बस. तू सांगितलंस की ते सगळ्या रांगेची कार्डं बघतील."

"बघू देत. तुम्हाला कसली भीती आहे?"

एल्वानं आजूबाजूला पाहिलं, आणि बर्नडेटनं त्या दिवशी पहिल्यांदाच तिला खरोखर हळू आवाजात बोलताना ऐकलं.

"माझ्या कार्डावर मर्व्हचं नाव आहे. माझा नवरा. तो जाऊन अकरा वर्षं झाली. तुझ्या मागे तो ग्रीक थानासी बसतो ना, तो त्याच्या मेव्हण्याच्या कार्डावर येतो. मेव्हणा तर तू लहान असतानाच गेला. त्या टोकाला दोघी बहिणी आहेत, त्या आईच्या आणि आत्याच्या. अगं, या रांगांमध्ये जिवंत माणसाच्या कार्डावर बसलेला एकच माणूस होता. तुझा बाप. त्याला आम्हा सगळ्यांचं माहीत होतं. कधी बोलला नाही."

बर्नडेट खाली बसली. मघापर्यंत ती एकटी घाबरलेली होती. आता तिला दिसलं की टोकाच्या दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून थेट समोर बघत आहेत, कॅमेऱ्यापुढे बसल्यासारख्या.

भोंगा झाला. मध्यंतर. टेगन पुन्हा पायऱ्या उतरू लागली, सोबत दारावरचा तो भगव्या जाकिटातला दारवान. आणि बरोबर त्याच वेळी दुसऱ्या बाजूनं थानासी आला. सत्तरी ओलांडलेला, जाड पांढऱ्या मिशांचा, दोन्ही हातांत मीट-पाय. अख्खा दुसरा क्वार्टर त्याचा रांगेत गेला होता आणि त्याबद्दल त्याला बरंच बोलायचं होतं.

"तीन माणसं खिडकीवर आणि एकाला सॉस सापडत नाही," त्यानं बर्नडेटच्या पुढ्यात एक मीट-पाय धरत सुरुवात केली. "घे पोरी, तुझ्यासाठीही—"

"क्लेम," टेगन धावत येऊन म्हणाली. "अहो, कुठे होतात तुम्ही?"

"मीट-पायच्या रांगेत," थानासी म्हणाला.

टेगननं डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला. दारवान बर्नडेटकडे वळून म्हणाला, "आले वाटतं गाडी लावून."

थानासीनं तोंड उघडलं.

"क्लेम," एल्वा पुन्हा पूर्ण आवाजात म्हणाली, "तुझा सत्कार आहे मैदानात. साठ वर्षांचा. जा मुकाट्यानं."

"म्हणजे तशी कार्ड बघून खात्री करायची असते," टेगन म्हणाली. "सत्कार असेल त्या सगळ्यांचंच बघतो आम्ही."

थानासीच्या मिशा थरथरल्या. त्याचा उजवा हात मीट-पायसकट आपोआप खिशावर गेला, जिथे मेव्हणा होता. बर्नडेटनं झटकन आपल्या मुठीतलं कार्ड पुढे केलं. "यांचं माझ्याकडे आहे. अदलाबदल झाली होती." टेगननं ते बघितलं. थानासीनं दोन्ही मीट-पाय एल्वाच्या मांडीवर ठेवले आणि फाशीला निघाल्यासारखा तो पायऱ्या उतरू लागला.

"साठीचे दिसता हो तुम्ही," टेगन त्याला हाताला धरून नेत म्हणत होती.

हिरवळीच्या मधोमध थानासी एवढासा दिसत होता. पडद्यावर मात्र त्याच्या मिशांमधला सॉससुद्धा दिसत होता. निवेदकानं क्लेम टूहींचं नाव घेतलं आणि टाळ्या उसळल्या. मघाशी लोकांनीच त्याला बोलावलं होतं, तेव्हा टाळ्या जरा जास्तच.

"टूही आडनावाचे ग्रीक असतात?" पुढच्या रांगेतला माणूस म्हणाला.

"आईकडून," एल्वा म्हणाली.

बर्नडेटनं खुर्चीची कड घट्ट धरली होती. हात हलवेल, गुच्छ घेईल, परत येईल. पण निवेदकानं माइक त्याच्या तोंडापुढे धरला.

"क्लेम, साठ वर्षं. तुमचा सगळ्यात आवडता क्षण कुठला?"

थानासीनं वळून त्यांच्या रांगेकडे पाहिलं. एल्वानं डोळ्यांवर मफलर ओढला. बर्नडेटला वाटलं, आता हा माणूस खरं बोलणार. चेहऱ्यावरून तसा चांगलाच माणूस दिसतो.

"गोलबिल सगळे सांगतात," थानासी शेवटी म्हणाला. "मला एक मुलगी आहे. लहान होती तेव्हा तिला घेऊन यायचो. तिसऱ्या क्वार्टरला ती मांडीवर झोपून जायची. मग मी उठायचो नाही. गोल झाला, अख्खं मैदान उभं राहिलं, तरी बसलेला. ती जागी होईल म्हणून. एकदा शेवटच्या क्षणी आम्ही सामना जिंकला. तो गोल मी बघितलाच नाही. समोर सगळ्यांच्या पाठी." तो थांबला. "मागच्या माणसाला मात्र फार छान दिसला. त्यानं त्याबद्दल कधी आभार मानले नाहीत."

"का बरं?" निवेदकानं विचारलं.

"त्याला वाटलं, वेळ आहे."

लोकांना यातलं किती कळलं कोण जाणे, पण टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतला माणूससुद्धा वाजवत होता. बर्नडेटही वाजवत होती. तिला हे माहीत नव्हतं. झोपलेल्या माणसाला कसं माहीत असणार? एल्वानं तिच्याकडे न बघता मफलरचं एक टोक तिच्या हातात दिलं, आणि तिनं ते बराच वेळ तोंडावर धरून ठेवलं.

थानासी परत आला तेव्हा घामानं भिजलेला होता. मागून टेगन आली, हातात पितळेची एक छोटी पट्टी घेऊन. क्लेम टूही हयात असेपर्यंत ही खुर्ची त्यांचीच, असं तीवर कोरलेलं होतं. टेगननं स्वतः वाकून ती खुर्चीच्या पाठीवर बसवली. आता या जागेची कधीच चौकशी होणार नाही, तिनं सांगितलं. रिकामी राहिली तरी नाही, घरातलं कोणीही बसलं तरी नाही. फक्त दरवर्षी या सामन्याला क्लेमनी मैदानात येऊन हात हलवायचा. क्लबच्या अध्यक्षांना त्यांचं बोलणं फारच आवडलं होतं.

टेगन गेली. टोकाच्या दोघी बहिणींनी एकमेकींचे हात सोडले.

"दरवर्षी," थानासी म्हणाला.

"म्हणजे आता क्लेमला मरता यायचं नाही," एल्वा म्हणाली, अर्थात मोठ्यानं.

"नाही," बर्नडेट म्हणाली. ती पट्टीवर बोट फिरवत होती. मग तिनं एल्वाच्या मांडीवर गार झालेल्या मीट-पायकडे बघितलं. फेब्रुवारीपासून पहिल्यांदाच तिला भूक लागली होती. "यातला माझा कुठला?"

"घे, पोरी," क्लेम टूही म्हणाले. "कुठलाही घे."