सगळ्या जनावरांना चालणारं काडतूस

आमच्या उंब्रजमध्ये कुणाकडे पाहुणा आला की त्याला आधी पाणी विचारतात, मग गाव विचारतात आणि चहा येईपर्यंत जमीन किती, बागायत किती तेही विचारून घेतात. तात्या सुभेदार यातलं काहीच विचारत नाहीत. ते पाहुण्याशेजारी खुर्ची ओढतात, मिशीवरून एकदा बोट फिरवतात आणि म्हणतात, "समजा, तुमाला आफ्रिकेत नेऊन सोडलं. रायफल एकच, काडतूस एकाच जातीचं. म्होरं करडाएवढं हरीणबी हाय, आन् गाडी उलथवील असला रानरेडाबी हाय. कंचं काडतूस घ्याल?"

तात्यांच्या पुतणीला बघायला पुण्याहून मुलगा आला होता. पोह्यांची बशी हातात असतानाच तात्यांनी त्याला आफ्रिकेत नेऊन सोडलं. तो बिचारा म्हणाला, "मी आयटीत आहे." पाहुणे गेल्यावर तात्यांनी निकाल दिला, "पोरगं बरं हाय, पण तयारी न्हाई." तरीही लग्न जमलं. मांडवात नवरदेव पाया पडायला वाकला आणि हळूच म्हणाला, "तात्या, थर्टी ओ सिक्स." रात्रभर मोबाईलवर शोधून आला असावा. तात्यांनी त्याला उभा करून मिठी मारली आणि सगळ्यांना सांगितलं, "जावई हुशार मिळाला. उत्तर चुकलंय, पण हुशार हाय."

माझं हायवेच्या सर्व्हिस रोडला झेरॉक्सचं दुकान आहे. सातबारा, पॅन कार्ड, पासपोर्ट, भरतीचे फॉर्म, लग्नाचे बायोडाटा, जे लागेल ते करून देतो. लोकांच्या अडचणी कागदावर उतरवून देणं हा माझा धंदा, आणि 'अर्जंट आहे' हे ऐकून ऐकून माझा स्वभाव जरा तिरसट झालाय हे मलाही मान्य आहे. तर दर बुधवारी संध्याकाळी, दुकानात गर्दी असतानाच, तात्या यायचे. मोबाईलवर कुठल्यातरी इंग्रजी पानाचा फोटो असायचा. त्यातल्या एका काडतुसाची माहिती मराठीत टाईप करून द्यायची: गोळीचं वजन, वेग, धक्का किती, कुठल्या जनावराला चालेल. आणि एक अट. "अठ्ठावीसचा टाईप पायजे, दिलीप. त्याच्या खाली नगं."

मला वाटायचं, वयानं नजर गेली असेल. पण हाच माणूस माझ्या काउंटरवर कोपर टेकून हायवेच्या पलीकडच्या एसटीची पाटी वाचून दाखवायचा. हे मला खटकायचं, पण फौजी माणसाची लहर म्हणून मी सोडून द्यायचो.

तात्या फौजेत आरमोरर होते, म्हणजे बंदुका दुरुस्त करणारे. "गोळी मारनारं शंभर असत्यात, बंदूक कळनारा येक," असं ते सांगतात. घरी पीक राखायला परवान्याची बारा बोअरची बंदूक आहे. निवडणूक आली, आचारसंहिता लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात. बाकीचे लोक त्या खताच्या पोत्यात गुंडाळून नेऊन टाकतात. तात्या तिला तेलपाणी करतात, नवं फडकं आणतात आणि लेकीला सासरी पोचवायला निघाल्यासारखे निघतात. ठाण्यातल्या हवालदाराला सांगतात, "आवं सायेब, दमट भितीला टेकवू नगासा." मतमोजणी झाली की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला नंबर त्यांचा.

त्या बंदुकीतून त्यांनी आजवर एकाही जनावरावर गोळी झाडलेली नाही. मक्यात रानडुकरं शिरली की फटाके लावतात. मी एकदा चिडवलं, तर म्हणाले, "एक तर कायद्यानं बंदी हाय. आन् हिच्या छऱ्यानं डुकराला नुसतं दुखंल. दुखवून सोडायचं तर बंदूक कशाला, आपलं बोलनं पुरतं की."

मला चीड यायची ती वेगळ्याच गोष्टीची. तात्यांचं काही ठरत नसे. एका बुधवारी सात मिलिमीटर जगात भारी. पुढच्या बुधवारी ते रद्द आणि चारशे अठ्ठावन्न. त्याच्या पुढच्या बुधवारी ते खांद्याचा भुगा करतं म्हणून बाद, आणि नऊ पॉइंट तीन. आफ्रिकेतले जुने शेतकरी म्हणे तेच वापरायचे. एकदा भरतीच्या शेवटच्या तारखेला पोरांची रांग लागलेली असताना मी वैतागून म्हणालो, "तात्या, कायतरी एक ठरवा आन् मोकळं व्हा!"

तात्या कागदाची घडी करता करता म्हणाले, "ठरीवलं की संपलं रं गड्या."

काकू गेल्यापासून तीन वर्षं ते घरात एकटेच आहेत. मुलगा पुण्याला बोलावतो, हे जात नाहीत. दर गुरुवारी मात्र सकाळच्या एसटीनं कुठंतरी जातात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. कुठं, ते कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एका बुधवारी ते लंगडत आले. पाय मुरगळला होता. एसटीची पायरी चढवेना. मला म्हणाले, "दिलीप, उद्या दहिवडीच्या पलीकडं जायाचंय. तुझी गाडी काढशील का? बिराला भेटायचं हाय." दुकान बंद ठेवायचं म्हणून मी तोंड वाकडं केलं, पण गेलो.

मसूर, पुसेसावळी, वडूज करत आम्ही निघालो. ऊस मागं पडला, माळ लागला, आणि तात्या बोलायला लागले. बिरा म्हणजे माणमधल्या मेंढपाळ घरातला फौजी. दोघं एकाच पलटणीत होते. शांतिसेनेबरोबर एक वर्ष आफ्रिकेत होते. एकदा ट्रकमधून जाताना रानरेड्यांचा कळप आडवा गेला, अर्धा तास रस्ता बंद. गाडीतला तिथला वनरक्षक म्हणाला, इथं एकच काडतूस घेऊन फिरायचं असेल तर कुठलं घ्याल? तात्या म्हणाले थर्टी ओ सिक्स, बिरा म्हणाला तीनशे पंचाहत्तर. भांडण लागलं. कळप गेला तरी भांडण चालूच राहिलं.

"माझं म्हननं, बंदूक बघून ठरवायचं. त्येचं म्हननं, जनावर बघून. त्यो म्हनायचा, म्यां मेंढरं राखल्याती, जनावराला हाल न करता मारायचं तर दोन तोळ्यांची गोळी पायजेच. तवाच ठरलं, निवृत्त झालो की दोघांनी परत आफ्रिकेला यायचं आन् निकाल लावायचा." मग लग्नं झाली, बोअर मारल्या, पोरांची शिक्षणं झाली. भांडण आधी पत्रातून चाललं, नंतर फोनवर. "आन् गेल्या दिवाळीला त्येला लकवा मारला. उजवी बाजू गेली. वाचा गेली."

मग खिडकीबाहेरच्या माळाकडं बघत म्हणाले, "डागदर म्हनला, पहिल्या वर्सात जेवढं बोलनं परत यील तेवढंच आपलं. वरीस संपत आलंय, दिलीप."

वाचा गेलेल्या माणसाशी हा माणूस दर आठवड्याला काडतुसांवरून भांडायला जातो? खरं सांगतो, त्या क्षणी मला तात्यांचा राग आला.

बिरा हवालदारांचं घर माळावर, मागं मेंढरांचा वाडा. बाजेवर उशीला टेकून एक उंच, वाळलेला माणूस बसला होता. तात्यांना बघून त्यांचा अर्धा चेहरा हसला आणि लगेच त्यांनी तो गंभीर केला. तात्यांनी हालहवाल विचारली नाही. खिशातून माझा कागद काढला आणि त्यांच्या मांडीवर ठेवला.

बिरा डाव्या हाताचं बोट अक्षरांवर ठेवून मोठ्यानं वाचू लागले. "दोन...शे... त्रे...चाळीस." अठ्ठावीसचा टाईप कुणासाठी होता ते मला तेव्हा कळलं.

"व्हय," तात्या म्हणाले, "दोनशे त्रेचाळीस. माझा निकाल झाला, बिरा. आफ्रिकेला हेच न्यायचं. हलकं हाय, धक्का न्हाई. रेडा आला तर कानामागं येक टाकायची."

मी आदल्याच दिवशी टाईप केलं होतं की हे काडतूस लहान हरणापलीकडे वापरू नये. बिरांचं बोट आता त्याच ओळीवर होतं. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या, डाव्या हातानं त्यांनी बाजेच्या लाकडावर थाप मारली.

"ये...ड्या!"

"येडा कसा? कागदात लिवलंय."

"रे...ड्याला..." शब्द अडकला. तात्या थांबले. मदत केली नाही. नुसते बघत राहिले, आणि त्यांचे स्वतःचे ओठ नकळत हलत होते. "रे...ड्याला... नुसती... खाज... सुटंल!"

दारात उभी असलेली त्यांची सून पदर तोंडाला लावून हसली. तात्या मोठ्यानं हसले नाहीत. ते म्हणाले, "खाज सुटली तर सुटू दे. तुझ्या तीनशे पंचाहत्तरनं माझा खांदा उतरतो त्येचं काय?" आणि दुसरी फेरी सुरू झाली. तासभर ते भांडत होते. तासाभरात बिरा जेवढं बोलले, तेवढं मी गिऱ्हाइकाशी दिवसभरात बोलत नाही.

सूनबाईंनी हुलग्याचं गरम माडगं प्यायला दिलं आणि चुलीपाशी मला सांगितलं, "आमी समद्यांनी लय प्रयत्न केलं, भावजी. देवाचं नाव घ्या म्हनलं, नातवाचं नाव घ्या म्हनलं. चार म्हैने तोंडातून शब्द न्हाई. तात्या यायचे, हात धरून बसायचे, डोळं पुसत जायाचे. येक दिवस काय झालं कुनास ठावं, रागानं म्हनाले, बिरा, तुझं तीनशे पंचाहत्तर भंगार हाय. आन् मामंजी म्हनाले, न्हाई. त्यो पयला शब्द. तवापासून दर गुरवारी येत्यात. येकबी चुकवला न्हाई."

तात्यांवर रागावलो होतो याची मला लाज वाटली.

निघायच्या आधी सूनबाई तात्यांना नवी व्यालेली मेंढी दाखवायला वाड्यात घेऊन गेल्या. मी बाजेपाशी एकटाच उरलो. बिरांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं आणि मला जवळ ओढलं.

"त्यो... आरमो...रर हाय," ते एकेक शब्द उचलून ठेवत म्हणाले. "त्येला... समदं... ठावं. तीनशे... पंचा...हत्तर. मुद्दाम... खोटं... बोलतो."

मी चरकलो. "मग तुम्ही चिडता कशाला?"

"न्हाई... चिडलो... तर..." त्यांनी वाड्याकडं बघितलं. मेंढीच्या पाठीवर हात ठेवून तात्या उभे होते. "यायचा... न्हाई. घरात... एकटा... हाय त्यो."

आणि त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

परतताना वडूजला चहाला थांबलो. मी विचारलं, "तात्या, आता माझ्यापुरतं खरं सांगा. कुठलं काडतूस?"

"तीनशे पंचाहत्तर," बशीत चहा ओतत तात्या म्हणाले. "त्येच्यात काय इचारायचं? करडापासून रेड्यापर्यंत समद्याला चालतं. जनावराचं हाल न्हाईत. मला तर त्या ट्रकमधीच पटलं होतं. पन म्यां हो म्हनलो असतो तर बिराशी तीस वर्सं बोलायला काय उरलं असतं?"

"आन् बिरा हवालदारांना हे कळलं तर?"

"त्येला?" तात्या हसले. "लय भोळा हाय त्यो. मेंढरामागं वाढलेला. त्येला काय कळतंय!"

मी बशी तोंडाला लावली. आयुष्यात एखादी गोष्ट पोटात ठेवल्याचं इतकं समाधान मला कधी झालं नव्हतं.

तेव्हापासून बुधवारी तात्या आले की मी रांगेतल्यांना थांबवतो. चुकीची काडतुसं आता मीच शोधून ठेवतो, आणि खोटं सांगत नाही, त्यात मला चांगली गती आली आहे. मागच्या महिन्यात बावीस बोअरनं पाणघोडा मारायचा बेत मीच काढून दिला. त्यावर बिरा हवालदार तब्बल सव्वा तास बोलले म्हणे. टाईप अठ्ठावीसवरून बावीसवर आला, मग अठरावर. आता आम्ही सोळावर आहोत. वर्ष संपून गेलं, पण शब्द येतच आहेत. डॉक्टर त्याबद्दल आता काही बोलत नाहीत.

परवा मंगळवारी दुकानातला फोन वाजला. पलीकडे थोडा वेळ नुसता श्वास ऐकू आला. मी ठेवणार एवढ्यात आवाज आला.

"समजा..."

आवाज बिरा हवालदारांचा होता. मी ओळखलं, आणि तात्यांसारखाच थांबलो. मदत केली नाही.

"समजा... दोघं जनं... आफ्रिकेला निघाले. पास...पोर्टला... कागदं कंची लागत्यात?"

मी आधार कार्ड सांगितलं, पत्त्याचा दाखला सांगितला, जन्माचा पुरावा सांगितला. ते तिकडे प्रत्येक शब्द पुन्हा म्हणत होते, सून लिहून घेत असावी.

"आन् रायफल?" मी विचारलं.

"रायफल... कशाला? नुसतं... बघू. त्यो रेडा... अजून... हाय का." मग म्हणाले, "तात्याला... सांगू नगंस. म्यां... सोताच्या... तोंडानं... सांगनार."

दुसऱ्या दिवशी बुधवार. तात्या आले, काउंटरवर कोपर टेकलं आणि म्हणाले, "या खेपंला काय न्यायचं रं?" मी त्यांचा कागद सोळाच्या टाईपात काढून दिला. पासपोर्टचे दोन फॉर्म मी आधीच भरायला घेतले होते, ते त्यांना दिसू नयेत म्हणून वर भरतीचे फॉर्म ठेवले, आणि मागच्या पोरांना ओरडलो की जरा कळ काढा, अर्जंट काम आहे.